जुनं लहान विमान घेण्याआधीची तपासणी: आधी काय बघायचं आणि कुठे थांबायचं

प्रश्न असा आहे: चार आसनांचं, एका पिस्टन इंजिनाचं, चाळीसेक वर्षं जुनं विमान घ्यायचं आहे. जाहिरातीत लिहिलंय, ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधल्यानंतर) इंजिनाचे फक्त ३८० तास, ताजी वार्षिक तपासणी, नवा रंग, नवी अपहोल्स्ट्री. घेण्याआधी काय काय तपासावं?

या चार मुद्द्यांपैकी एकावरही निर्णय घेता येत नाही. ३८० तास किती वर्षांत झाले हे कळेपर्यंत त्या आकड्याला अर्थ नाही. वार्षिक तपासणी विकणाऱ्याच्या मेकॅनिकने केलेली आहे. नव्या रंगाखाली काय आहे ते रंग लागल्यावर दिसत नाही. आणि अपहोल्स्ट्रीचा विमानाच्या तब्येतीशी फारसा संबंध नाही.

तपासणीत सगळ्यात जास्त पैसे वाचवतो तो क्रम. काही दोष असे असतात की ते काढायचा खर्च विमानाच्या किमतीच्या जवळ जातो, किंवा ते काढताच येत नाहीत: मुख्य स्पारमधलं (पंखाच्या आतल्या कण्यातलं) करोजन म्हणजे धातूला लागलेली झीज, खराब झालेला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) किंवा क्रँकशाफ्ट (प्रोपेलर फिरवणारा मुख्य दांडा), हरवलेल्या नोंदी, मंजुरी नसलेले बदल. हे आधी शोधा. रेडिओ, टायर, बॅटरी, काच, गाद्या ही सगळी किंमत ठरवताना बोलायची कामं आहेत, ती शेवटी. पहिल्या गटातला एक दोष सापडला की तपासणी तिथेच थांबवा आणि उरलेल्या कामाचे पैसे वाचवा. बरेच ग्राहक हे उलटं करतात. आधी उडवून बघतात, विमान आवडतं, आणि मग सापडलेल्या प्रत्येक दोषाला स्वतःच पांघरूण घालत बसतात.

आधी कागद

एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), इंजिन आणि प्रोपेलर, तिन्ही लॉगबुकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन करून मागवा. निवडक पानं चालणार नाहीत. वाचताना स्वतःचा एक तक्ता करा: तारीख, टॅकोमीटरचा (इंजिनाच्या फेऱ्यांवरून तास मोजणाऱ्या मीटरचा) आकडा, केलेलं काम. तक्ता भरत गेला की गोष्टी आपोआप दिसायला लागतात. टॅकोमीटर मध्ये बदललाय का आणि बदलला असेल तर आधीचे तास पुढे जोडलेत का? कुठे दोन-तीन वर्षांची पोकळी आहे का? त्या काळात विमान कुठे उभं होतं, हँगरमध्ये की उघड्यावर, समुद्राजवळ की कोरड्या हवेत? हॉब्स मीटर आणि टॅकोमीटर एकच वेळ दाखवत नाहीत हेही ध्यानात ठेवा. हॉब्स घड्याळाप्रमाणे चालतो, टॅको आरपीएमप्रमाणे, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांप्रमाणे. त्यामुळे टॅकोचे तास सहसा कमी भरतात. जाहिरातीतला आकडा कोणत्या मीटरचा आहे ते विचारा.

आता तुमचे ३८० तास घ्या. ओव्हरहॉल चार वर्षांपूर्वी झालं असेल तर वर्षाला ९५ तास पडतात, आणि अशा वापरात इंजिन निरोगी राहतं. तेच सोळा वर्षांपूर्वी झालं असेल तर वर्षाला २४ तासही पडत नाहीत. अशा इंजिनाची किंमत मी तरी ओव्हरहॉलच्या उंबरठ्यावरचं इंजिन म्हणूनच धरेन. लायकमिंगच्या ओ-३२० आणि ओ-३६० या इंजिनांसाठी कंपनीची शिफारस २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते, अशी आहे. तासांकडे सगळे बघतात, वर्षांकडे कोणी बघत नाही. ही मर्यादा पाळणं खासगी मालकाला सगळीकडे सक्तीचं नसतं, पण काही देशांत आणि व्यावसायिक वापरात असतं. तुमच्या नियामकाचा नियम आधी वाचून घ्या.

‘ओव्हरहॉल’ हा एक शब्द पुरेसा नाही. शून्य तासांचं नवं लॉगबुक फक्त उत्पादक किंवा त्याने अधिकृत केलेली कार्यशाळाच देऊ शकते, आणि तेही रीबिल्ट इंजिनाला. बाकी सगळ्या ओव्हरहॉलमध्ये इंजिनाचे एकूण तास पुढे चालू राहतात. ओव्हरहॉल नव्या भागांच्या मापांना धरून केलं की झिजेच्या कमाल मर्यादेत बसतं एवढंच पाहिलं, यात फार फरक आहे. सिलिंडर नवे घातले की जुनेच दुरुस्त केले, कॅमशाफ्ट आणि टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) नवे की घासून परत बसवले, क्रँककेस कुठे तपासली, मॅग्नेटो (स्पार्कप्लगला ठिणगी देणारं यंत्र), कार्ब्युरेटर, होझ बदलले का, हे सगळं कामाच्या यादीत हवं. यादी नसेल तर काही बदललं नाही असं समजून हिशेब करा. ‘टॉप ओव्हरहॉल’ म्हणजे नुसते सिलिंडर. त्यात खालच्या भागाला कोणी हात लावलेला नसतो.

अपघाताची नोंद लॉगबुकात अपघात म्हणून क्वचितच सापडते. ती शेजारशेजारच्या कामांवरून ओळखावी लागते. एकाच तारखेला नवा प्रोपेलर, पुढच्या चाकाचा नवा फोर्क आणि खालची काउलिंग (इंजिनावरचं आवरण) बदललेली दिसली, तर नाक जमिनीला लागलं होतं. मग पुढचा प्रश्न: प्रोपेलर लागल्यावर इंजिन उघडलं का? लायकमिंग इंजिनांसाठी २००४-१०-१४ क्रमांकाचा एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह आहे, म्हणजे नियामकाचा सक्तीचा सुरक्षा-आदेश, ज्याला सगळे एडी म्हणतात. त्यानुसार प्रोपेलर आपटल्यानंतर क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरची, त्याच्या पिनची आणि बोल्टची तपासणी करावीच लागते. तो गिअर निसटला तर कॅमशाफ्ट आणि मॅग्नेटो दोन्ही एकदम थांबतात, म्हणजे इंजिन हवेत बंद पडतं. इंजिन बंद असतानाही प्रोपेलरला एवढा मार बसला असेल की पातं नुसतं कानसून भागलं नाही, तर तोही ‘प्रोपेलर स्ट्राइक’च धरला जातो. प्रोपेलर बदलल्याची नोंद आहे आणि पुढे इंजिनाबद्दल चकार शब्द नाही, अशा विमानापासून लांब राहिलेलं बरं.

लागू असलेल्या सगळ्या एडींची यादी वेगळी मागवा: क्रमांक, कधी केला, कोणत्या पद्धतीने केला, पुन्हा कधी करायचा. ‘पूर्वीच पूर्ण’ असा शेरा वर्षानुवर्षं पुढे उतरवलेला असेल तर मूळ नोंद शोधायला लावा. ती बऱ्याचदा सापडत नाही. इंजिनावरचा, प्रोपेलरवरचा, मॅग्नेटो आणि कार्ब्युरेटरवरचा सिरीयल क्रमांक प्रत्यक्ष पाटीवरून वाचून लॉगबुकाशी जुळवा. मूळ रचनेत केलेला प्रत्येक बदल, मग तो एसटीसीने (एका मॉडेलच्या सगळ्या विमानांसाठी मिळालेल्या मंजुरीने) असो वा एकट्या विमानापुरत्या मंजुरीने, त्याचा कागद असायला हवा. वजन आणि संतुलनाचा कागद शेवटचा कधी प्रत्यक्ष वजन करून बनवला तेही पाहा. चाळीस वर्षं नुसती बेरीज-वजाबाकी करत आलेलं रिकामं वजन खऱ्या वजनापेक्षा बरंच कमी निघू शकतं, आणि तुम्ही हिशेबात धरलेला चौथा प्रवासी मग विमानात बसूच शकत नाही.

कोणाकडून तपासायचं

मेकॅनिक तुमचा हवा, त्याने हे विमान आधी सांभाळलेलं नसावं, आणि त्याला हे मॉडेल अंतर्बाह्य माहीत असावं. सेस्ना रोज उघडणाऱ्या चांगल्या मेकॅनिकलाही मूनीच्या पोलादी पिंजऱ्यात गंज नेमका कुठे धरतो हे ठाऊक असेलच असं नाही. काम काय करायचं ते लिहून द्या. ‘खरेदीपूर्व तपासणी’ या शब्दाची कायद्यात ठरलेली व्याख्या नाही. तुम्ही जेवढं लिहाल तेवढंच होतं.

काही जण सुरुवातच वार्षिक तपासणी म्हणून करतात. यात एक अडचण आहे. वार्षिक तपासणी सुरू झाली आणि गंभीर दोष निघाला, तर तो अधिकृत नोंदीत जातो आणि विमान जागेवर अडकतं, तेही अजून विकणाऱ्याच्या मालकीचं असताना. त्यापेक्षा असं लिहून घ्या: आधी ठरलेल्या यादीप्रमाणे खरेदीपूर्व तपासणी, तिचा निकाल मान्य झाला तरच पुढे तीच वाढवून वार्षिक. पॅनेल उघडायला, तेलाचा फिल्टर कापायला, गरज पडली तर सिलिंडर उतरवायला विकणाऱ्याची परवानगी आधी लेखी घ्या. ज्याला हे मान्य नाही त्याच्या विमानावर वेळ घालवू नका.

सांगाडा आणि करोजन

विमान धुण्याआधी बघायला मिळालं तर उत्तम. धुतलेल्या पोटावर तेलाचे, इंधनाचे, धुराचे ओघळ दिसत नाहीत, आणि ते ओघळच गळती कुठून आहे ते सांगतात.

लांबून सुरुवात करा. नाकासमोर दहा-पंधरा पावलं मागे उभं राहून दोन्ही पंखांचा कोन आणि शेपटीचा आडवेपणा बघा. मग टॉर्चचा प्रकाश पत्र्यावर तिरपा टाका. सुरकुत्या, पोचे आणि पुट्टी भरलेले भाग लगेच उठून दिसतात. रिवेटभोवती काळसर-करडी शेपूट दिसली तर तो रिवेट सैल होऊन घासतोय. एखाद्याच पॅनेलवर रिवेटची डोकी वेगळ्या जातीची असतील तर तो पत्रा बदललेला आहे, त्याची नोंद शोधा. सेस्ना १८२ असेल तर फायरवॉलचा (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीचा) खालचा भाग आतून-बाहेरून नीट बघा. पुढचं चाक जोरात आपटलं की तिथेच सुरकुती पडते, आणि ती दुरुस्ती मोठी असते. १७२ मध्येही बघायला हरकत नाही.

ॲल्युमिनियमचं करोजन लोखंडाच्या गंजासारखं तांबडं नसतं. पांढरी-करडी भुकटी, रंगाखाली किड्याच्या वाटेसारख्या उठलेल्या रेषा, रिवेटच्या ओळीत फुगलेला पत्रा, अशी त्याची रूपं. सगळ्यात वाईट म्हणजे धातूचे पापुद्रे सुटणं. जाड स्पार-कॅप (स्पारची वरची किंवा खालची पट्टी) पुस्तकाच्या भिजलेल्या पानांसारखी फुगलेली दिसली, की तपासणी तिथेच संपली. वरवरचं करोजन घासून, प्रक्रिया करून थांबवता येतं, पण घासल्यावर उरलेली जाडी मापात बसायला हवी. त्या काळातल्या पुष्कळ विमानांना कारखान्यात आतून प्रायमर मारलेलाच नसायचा. समुद्राकाठी राहिलेल्या विमानात त्याचा परिणाम पंखाच्या आत दिसतो, बाहेर नाही.

म्हणून पंखाखालची आणि शेपटीतली सगळी तपासणी-झाकणं उघडायची. ज्या झाकणाच्या स्क्रूवर रंगाचा थर जसाच्या तसा आहे ते रंग दिल्यापासून उघडलेलं नाही. म्हणजे ‘ताज्या’ वार्षिक तपासणीत तिथे कोणी पाहिलंच नाही. तुमच्या विमानाला नवा रंग आहे, तेव्हा ही खूण आवर्जून तपासा. बोअरस्कोप (भोकातून आत घालायची बारीक कॅमेऱ्याची नळी) घेऊन स्पारच्या खालच्या कॅपवरून शेवटपर्यंत जा. केबिनमधलं कार्पेट उचला, बाजूचं अस्तर काढा. जुनं काचतंतूंचं इन्सुलेशन पाणी धरून ठेवतं आणि पत्र्याला चिकटून बसतं. उंदराचं घरटं सापडलं तर त्याखालचा पत्रा खरवडून बघायचाच, कारण मूत्र ॲल्युमिनियम खातं. बॅटरीच्या डब्याखाली आम्ल गळून पुढे कुठवर गेलंय ते शेपटीच्या तळापर्यंत बघा.

आता मॉडेलप्रमाणे. पायपर पीए-२८ घेत असाल तर २०२०-२६-१६ हा एडी अख्खा वाचा. ४ एप्रिल २०१८ ला डेटोना बीचजवळ प्रशिक्षणातल्या एका ॲरोचा (पीए-२८ चाच एक प्रकार) पंख हवेत सुटला. स्पारच्या खालच्या कॅपमध्ये बोल्टच्या भोकापासून थकव्याची चीर गेलेली होती. त्यानंतर बऱ्याच पीए-२८ आणि पीए-३२ मॉडेलांना त्या भोकांची ‘एडी-करंट’ तपासणी (विद्युत प्रवाहाने लपलेल्या चिरा शोधायची पद्धत, एडी या आदेशाशी नावापुरतंच साम्य) लागू झाली. कोणत्या विमानाला ती लागते हे नुसत्या तासांवर ठरत नाही. विमानाच्या शंभर-तासी तपासण्या (प्रशिक्षणासारख्या व्यावसायिक वापरात दर शंभर तासांनी होणाऱ्या) किती झाल्या हे मोजतात. त्या तपासण्यांचे तास पूर्ण धरतात, उरलेल्या तासांना १७ ने भागतात, आणि बेरीज ५००० वर गेली की तपासणी. म्हणजे फ्लाइंग स्कूलमध्ये राबलेलं विमान खूप लवकर तिथे पोचतं. नोंदी अपुऱ्या असल्या तरी तपासणी लागते. हरवलेलं लॉगबुक महागात पडतं ते असं. तपासणी झालेली असेल तर ती कोणी केली ते विचारा. बोल्ट काढता-घालताना भोकाला ओरखडा पडला तर तोच नव्या चिरेची सुरुवात ठरू शकतो.

सेस्ना २१० मध्ये जिथे पंखाला आधार देणाऱ्या दांड्या नाहीत, तिथे छतातून आडवा जाणारा कॅरी-थ्रू स्पार सगळा भार घेतो. २६ मे २०१९ ला ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ सर्वेक्षण करणाऱ्या अशा एका विमानाचा पंख तुटला. करोजनच्या एका बारीक खड्ड्यातून चीर सुरू झाली होती. २०२०-०३-१६ हा एडी त्यातून आला. छताचं अस्तर काढून तो स्पार बघितल्याशिवाय २१० घेऊ नये. सेस्ना १७७ कार्डिनलमध्येही रचना तशीच आहे.

सेस्नाच्या सीटचे रूळ २०११-१०-०९ या एडीखाली येतात. भोकं लांबट झाली की पिन नीट बसत नाही, उड्डाणाच्या क्षणी सीट मागे सरकते, पायलट तोल सावरायला योक (विमानाचं सुकाणू) ओढतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते. सीटवर बसून पाय टेकवून जोर लावून बघा, मग टॉर्चने प्रत्येक भोक बघा. व्ही-टेल बोनान्झाच्या रडरव्हेटरांचा (शेपटीच्या हलत्या पृष्ठांचा) पत्रा मॅग्नेशियमचा आहे, तो करोजन लवकर धरतो आणि बदली मिळणं कठीण. कापडी जुन्या पायपरांच्या पंखाच्या पोलादी दांड्या आतून गंजतात. त्यांच्यासाठी वेगळे एडी आहेत, आणि आतून सीलबंद केलेल्या नव्या दांड्या बसवलेल्या असतील तर मोठी चिंता मिटते.

नवा रंग असेल तेव्हा आणखी एक कागद मागा: एलेरॉन, रडर, एलेव्हेटर ही पंखाची आणि शेपटीची हलती पृष्ठं रंगवल्यानंतर पुन्हा संतुलित केल्याची नोंद. मागच्या कडेला चढलेल्या रंगाच्या वजनाने पृष्ठ मागे जड होतं आणि वेगात फडफडू शकतं. खालची पाणी निथळायची भोकं रंगाने बुजलेली नाहीत ना, तेही बघा.

इंजिन

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, आणि कॉम्प्रेशनच्या (सिलिंडर किती दाब धरतो त्या) आकड्यावर भाळू नका. कमी उडालेलं लायकमिंग इंजिन कॉम्प्रेशनमध्ये उत्तम येऊन आतून संपलेलं असू शकतं. कारण रचनेत आहे. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन उभं राहिलं की तेल त्याच्यावरून निथळून जातं. ज्वलनात तयार झालेलं पाणी क्रँककेसमध्ये साचतं, आणि टॅपेटच्या तोंडावर बारीक गंजाचे ठिपके पडतात. पुढच्या सुरुवातीला ते ठिपके कॅमच्या लोबवर (उंचवट्यावर) सँडपेपरसारखे चालतात. टॅपेटचे टवके निघतात, लोब झिजतो, आणि इंजिन उघडावंच लागतं. नुसतं जमिनीवर पाच-दहा मिनिटं चालवून हे टळत नाही, उलट पाणी वाढतं. तेल ८० अंश सेल्सियसच्या वर जाऊन निदान अर्धा-पाऊण तास राहील असं उड्डाण झालं तरच ओलावा उडून जातो. काँटिनेंटल या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनांमध्ये कॅमशाफ्ट खाली असतो, त्याला हा त्रास कमी.

तेव्हा पहिलं काम: तेलाचा फिल्टर काढून कापा. आतल्या कागदाची घडी पूर्ण उलगडून उन्हात बघा, चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारी चमकदार टिकली म्हणजे पोलाद, बहुतेकदा कॅम किंवा टॅपेट. न चिकटणारी मऊ, चंदेरी चूर म्हणजे ॲल्युमिनियम, पिस्टन किंवा पिस्टनपिनच्या टोप्या. तांबूस असेल तर बुश. लायकमिंगच्या सम्पमधली (तळाच्या तेलाच्या भांड्यातली) जाळीही काढून बघा, मोठे तुकडे तिथेच अडकतात. फिल्टर कालच बदललेला निघाला तर जुना मागा. तोही टाकून दिला असेल तर नव्या फिल्टरवर पाच-दहा तास उडवून पुन्हा कापायची अट घाला. तेलाच्या प्रयोगशाळेचा एकच अहवाल फारसं सांगत नाही, मागच्या तीन-चार अहवालांत लोहाचं प्रमाण चढतंय का ते महत्त्वाचं.

शंका राहिली तर रॉकर कव्हर काढून डायल गेजने प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडतो ते मोजा. एखादाच व्हॉल्व्ह इतरांपेक्षा कमी उघडत असेल तर त्याचा लोब झिजलाय. काँटिनेंटलमध्ये टॅपेट बाहेरून काढून बघता येतात. लायकमिंगमध्ये तोंड बघायला सिलिंडर उतरवावा लागतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ओव्हरहॉल होऊन बराच काळ उभं राहिलेल्या इंजिनाचा एक सिलिंडर उतरवणं हा खर्च मी फुकट गेलेला मानत नाही.

१९७७ ते १९८० च्या सेस्ना १७२ एन मध्ये ओ-३२०-एच२एडी हे इंजिन आहे. त्याच्या कॅम आणि टॅपेटची ख्याती सुरुवातीपासून वाईट. पुढे बदल झाले आणि लायकमिंगचं ठरावीक ॲडिटिव्ह तेलात घालणं आवश्यक ठरलं. त्याच्या नोंदी प्रत्येक तेलबदलाला दिसल्या पाहिजेत. शिवाय यात दोन्ही मॅग्नेटो एकाच ड्राइव्हवर चालतात. नियमित उडालेलं एच२एडी वाईट नाही, उभं राहिलेलं मात्र टाळा.

कॉम्प्रेशन इंजिन गरम असताना घ्या. ८० पीएसआय दाब देऊन सिलिंडर किती धरतो ते बघायचं. ७० च्या वर समाधानकारक, ६० च्या खाली चौकशी, आणि सिलिंडरांमध्ये १०-१५ पेक्षा जास्त फरक असेल तरी चौकशी. काँटिनेंटलची पद्धत वेगळी आहे. त्यांच्या प्रमाणित छिद्रावर मोजून त्या दिवसाची खालची मर्यादा ठरते, आणि ती चाळिशीतही येऊ शकते. आकड्यापेक्षा हवा कुठून जाते ते ऐका: एक्झॉस्टमधून फुसफुस म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून म्हणजे इनटेक, तेल भरायच्या तोंडातून म्हणजे रिंग. प्रोपेलर धरणारा माणूस अनुभवीच हवा. सव्वापाच इंचांच्या आसपासच्या पिस्टनवर ८० पीएसआय म्हणजे पावणेआठशे किलोच्या आसपासचा जोर. पिस्टन टोकावरून जरा घसरला की पातं हात मोडू शकतं.

त्याच वेळी स्पार्कप्लगच्या भोकातून बोअरस्कोप घाला. निरोगी एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर रंगाची वर्तुळं मध्याभोवती समान असतात. वर्तुळं एका बाजूला सरकलेली आणि कडेला हिरवट-करडा डाग असेल तर तो व्हॉल्व्ह तिथे जळतोय, कॉम्प्रेशन अजून चांगलं असलं तरी. सिलिंडरच्या भिंतीवर तांबडे ठिपके किंवा उभे ओरखडे आहेत का बघा.

स्थिर पिचचा (पात्यांचा कोन न बदलणारा) प्रोपेलर आणि १६० अश्वशक्ती किंवा जास्तीचं चार सिलिंडरचं लायकमिंग असेल तर ९८-०२-०८ या एडीची नोंद शोधा. पोकळ क्रँकशाफ्टच्या पुढच्या नळीत आतून गंजाचे खड्डे पडतात, त्याची ती तपासणी. खड्डे निघाले तर क्रँकशाफ्ट बाद होऊ शकतो. पहिल्याच थंड सुरुवातीला इंजिन मिनिटभर अडखळत चालून मग सुरळीत होत असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकतोय. म्हणून विकणाऱ्याला सांगून ठेवा की तुम्ही येईपर्यंत इंजिन गरम करू नये, आणि पोचल्यावर काउलिंगला हात लावून खात्री करा.

बाकी थोडक्यात. मफलरवरचं हीटरचं आवरण काढून चिरा शोधा. तिथली चीर म्हणजे केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड. इंजिन माउंटच्या नळ्यांवर क्लॅम्प कुठे घासलेत, रबर बसून इंजिन खाली झुकलंय का ते बघा. बॅफलचे (सिलिंडरांवर हवा वळवणाऱ्या पत्र्यांचे) रबरी पडदे बाहेर वळलेले असतील तर मागचे सिलिंडर तापतात. होझवरच्या पट्टीवर तारीख असते, ती वाचा. मॅग्नेटोची ५०० तासांची तपासणी झालेली हवी. पॅनेलवर इंजिन मॉनिटर असेल तर त्यातली सगळी माहिती उतरवून घ्या. मागच्या कित्येक उड्डाणांचं तापमान त्यात असतं, आणि विकणाऱ्याच्या आठवणीपेक्षा ते विश्वासाचं.

प्रोपेलर, टाक्या, पॅनेल

पात्यांची रुंदी आणि जाडी किमान मापाला पोचली आहे का ते मोजल्याशिवाय कळत नाही. वर्षानुवर्षं कानसून पातं बारीक होतं. बदलत्या पिचच्या प्रोपेलरला ओव्हरहॉलची मुदत तासांबरोबर वर्षांचीही असते, साधारण ५ ते ६ वर्षं. हबमधून ग्रीस येतंय का बघा. मॅककॉलीच्या काही हबांत चीर कळावी म्हणून लाल रंगाचं तेल भरलेलं असतं. लाल थेंब दिसला तर प्रोपेलर उतरवायचाच.

रबरी टाक्यांना सुरकुती पडली की तिच्यामागे पाणी अडतं आणि ड्रेनमधून निघत नाही. मूनीसारख्या पंखातच इंधन असणाऱ्या विमानात खालच्या सांध्यांवर निळे डाग शोधा. १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल निळं असतं, उडून गेलं तरी रंग मागे ठेवतं. संपूर्ण टाकी नव्याने सील करणं हे किमतीत मोजायचं काम आहे. हवेत आत ओढली जाणारी चाकं असतील तर विमान जॅकवर घेऊन ती अनेकदा वर-खाली करा, आणि आणीबाणीची पद्धतही चालवून बघा.

पॅनेलमधली प्रत्येक वस्तू सुरू करून वापरा, नुसता दिवा लागला म्हणजे ती चालते असं नाही. ज्या जीपीएसचा डेटाबेस कंपनीने बंद केलाय त्याला पैसे देऊ नका. ईएलटी (अपघातानंतर आपोआप संकेत पाठवणारा ट्रान्समीटर) फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवाला असेल तर १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह तो ऐकत नाहीत. ४०६ चा बसवायचा खर्च धरा.

उड्डाण सगळ्यात शेवटी

वरचं सगळं पार झालं तरच उडवा. ब्रेक धरून पूर्ण थ्रॉटलवर स्थिर आरपीएम पुस्तिकेत दिलेल्या पट्ट्यात येतो का बघा. कमी आला तर इंजिन शक्ती देत नाही किंवा प्रोपेलर दुसराच आहे. मॅग्नेटोचा ड्रॉप (एकाच मॅग्नेटोवर चालवताना होणारी आरपीएममधली घट) पुस्तिकेप्रमाणे, बहुधा १२५ ते १७५ च्या आत, आणि दोन्हींतला फरक ५० पेक्षा जास्त नको. बंद करण्याआधी आयडलवर स्विच क्षणभर ‘ऑफ’ करून इंजिन मरतंय ना ते तपासा. मरत नसेल तर एक मॅग्नेटो सतत जिवंत आहे आणि हाताने प्रोपेलर फिरवणाऱ्याच्या जिवाला धोका.

हवेत ट्रिम करून, दोन्ही टाक्या सारख्या भरलेल्या असताना, हात सोडा. विमान सतत एकाच पंखाकडे झुकत असेल तर रिगिंग (पंख आणि हलत्या पृष्ठांची जुळणी) बिघडलंय किंवा पंखाला जुना मार आहे. सुरक्षित उंचीवर स्टॉल करून बघा, पंख एका बाजूला जोरात पडतो का. लांब चढाईत तेलाचं आणि सिलिंडरांचं तापमान कुठे स्थिरावतं ते लिहून ठेवा. निदान तासभर उडा. उतरल्यावर लगेच काउलिंग पुन्हा उघडा. उड्डाणाआधी पुसून ठेवलेल्या इंजिनावर नवं तेल कुठे आलंय ते आत्ताच स्पष्ट दिसतं.

मग मेकॅनिककडून दोन वेगळ्या याद्या लिहून घ्या. एकीत फक्त उड्डाणयोग्यतेचे दोष. ते विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने, तुमच्या मेकॅनिकच्या देखरेखीखाली दुरुस्त करावेत किंवा तेवढी रक्कम किमतीतून वजा व्हावी. दुसरीत पुढच्या दोन-तीन वर्षांत येणारे खर्च: होझ, प्रोपेलर, टायर, टाक्यांचं सील. त्यावर घासाघीस करायची. आगाऊ रक्कम देताना करारात पहिल्या यादीचा उल्लेख असावा, आणि ती पूर्ण न झाल्यास पैसे किती दिवसांत परत मिळतील तेही.